पार्कची सहल आणि झोपेचा हिशेब: दिवसभर दमूनही रात्री झोप का लागत नाही?

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा दिवाळी संपली, की मीरा रोड आणि भाईंदरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. रविवारी पहाटे बस गेटवर लागेल, वेळेवर या, पाण्याच्या बाटल्या आणि जादा कपडे सोबत ठेवा. बस निघणार असते एखाद्या थीम पार्क किंवा वॉटर पार्कला.

या सहलीत पैशांचा हिशेब होतो, डब्यांचा होतो, कोणाच्या गाडीत कोण बसणार याचाही होतो. झोपेचा हिशेब मात्र कुणी करत नाही. 'दमून आलो की मस्त झोप लागेल' असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मुलं घरी आल्यावर बारापर्यंत उड्या मारत असतात, मोठ्यांना अंग दुखत असूनही डोळा लागत नाही आणि सोमवारी घरातलं प्रत्येक माणूस एकमेकांवर खेकसत असतं.

असं का होतं? सहलीत झोप नेमकी कुठे जाते? आणि या सगळ्यात खरा धोका कुठे असतो? एकेक मुद्दा समजून घेऊ.

झोप पार्कमध्ये जात नाही, रस्त्यात जाते

मीरा-भाईंदरकरांसाठी पार्क ही फार लांबची गोष्ट कधीच नव्हती. गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंग्डम आलं. बोरिवलीकर खाडीतून बोटीने जायचे, पण भाईंदर पश्चिमेकडून उत्तनमार्गे थेट रस्ता होता. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतली मुलं घरी जायला नकार द्यायची, पण भाईंदरच्या मुलाला घरी जायला फार वेळ लागत नव्हता. सकाळी आरामात उठायचं, जेवणाच्या आधी पोहोचायचं, अंधार पडता पडता घरी यायचं.

पुढे २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं. दुसरीकडे एस्सेलवर्ल्ड अलीकडच्या वर्षांत बंद पडलं. त्यामुळे मोठ्या राइड्ससाठी जायचं तर आता बस खोपोलीकडे वळते. काशिमीरा, घोडबंदर रस्ता, ठाणे, मग पनवेल आणि पुढे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. रस्ता मोकळा असेल तर हा प्रवास फार वाटत नाही, पण घोडबंदर रस्ता कधी मोकळा असेल हे सांगता येत नाही.

अशी पार्क्स साधारण सकाळी दहा-अकराला उघडतात. म्हणजे पहाटेचा गजर पार्कसाठी नसतो, तो ट्रॅफिकसाठी असतो.

आता एका नेहमीच्या सहलीचं वेळापत्रक मांडून बघू. शनिवारी रात्री आवराआवर करून झोपायला १२ वाजले. रविवारी उठलात पहाटे ४:३० ला. झोप झाली साडेचार तास. रात्री घरी पोहोचलात ११:३० ला, झोपलात १२:३० ला. सोमवारी ऑफिस आणि शाळेसाठी उठलात सकाळी ६ ला. झोप झाली साडेपाच तास. दोन रात्री मिळून १० तास.

प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. म्हणजे दोन रात्रींत त्याची ४ तासांची तूट झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. त्याने आईवडिलांचंच वेळापत्रक पाळलं, तर किमान गरज धरूनही त्याची तूट ८ तासांची होते. एकाच सहलीत मुलाचं नुकसान मोठ्यांच्या दुप्पट होतं.

हाच दिवस गोराईला घालवला असता, तर पहाटे उठावं लागलं नसतं आणि रात्री दहाच्या आत अंथरुणात पडता आलं असतं. पार्कमधली मजा तेवढीच, तूट मात्र जवळजवळ नाही.

आदल्या रात्री लवकर झोपायला गेलं तरी झोप का येत नाही?

'उद्या चारला उठायचंय, आज साडेआठला झोपा' असा हुकूम बहुतेक घरांत निघतो आणि बहुतेक घरांत तो फसतो. यात मुलांचा हट्ट कमी आणि शरीराची रचना जास्त असते.

झुरिक विद्यापीठातले संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये झोपेबद्दल एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. त्यानुसार झोप दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे राहतो, तितकं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप यावीशी वाटू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक छोटा पुंजका दिवसरात्रीचं चक्र सांभाळतो आणि कधी जागं राहायचं, कधी झोपायचं याचे संकेत देतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं याचा शोध लावणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गंमत अशी, की आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी हे घड्याळ जागं राहण्याचा सर्वात जोरदार संकेत देत असतं. दिवसभर साठलेला झोपेचा दाब पेलून आपल्याला रात्रीपर्यंत तग धरता यावा, म्हणून ही व्यवस्था असते. जो माणूस रोज साडेअकराला झोपतो, त्याने साडेआठला डोळे मिटले तरी तो नुसता कूस बदलत राहतो.

त्यात उद्याची उत्सुकता आणि गजर चुकेल ही धास्ती. रात्रीतून दोनदा उठून मोबाइलवर वेळ बघणं हा अनुभव सगळ्यांचाच असतो. जो सहलीचा आयोजक असतो, त्याची झोप तर सर्वात आधी उडते.

पार्कमध्ये दिवसभर शरीरात काय चालू असतं?

इथे एक चांगली बातमी आहे. दिवसभर उघड्यावर असणं झोपेसाठी वाईट नसतं, उलट चांगलं असतं. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स असतो. भर उन्हात तो १ लाख लक्सपर्यंत जातो. शरीराच्या घड्याळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळण्यासाठी असा लख्ख उजेड मदत करतो. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये २०१३ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं, विजेचे दिवे बंद. त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं, म्हणजे त्यांचं शरीर लवकर झोपायला तयार होऊ लागलं.

सोमवार ते शुक्रवार लोकल, ऑफिस आणि पुन्हा लोकल अशा चक्रात असलेल्या माणसाला एवढं ऊन एरवी मिळत नाही. त्यामुळे पार्कमधला दिवस घड्याळ ताळ्यावर आणायला उपयोगी पडू शकतो. पण त्याचा फायदा संध्याकाळी उधळला जातो. अंधार पडल्यावरची रोषणाई, आतषबाजी, बसमध्ये परतताना मोबाइलवर फोटो बघणं आणि स्टेटस टाकणं यामुळे मेंदूला 'अजून दिवस आहे' असा निरोप जातो. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. लहान मुलांमध्ये संध्याकाळच्या उजेडाचा हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. मे महिन्यात दिवसभर उन्हात फिरलेलं, त्वचा भाजलेलं आणि पाणी कमी प्यायलेलं शरीर रात्री लवकर थंड होत नाही. रात्रभर पाय गरम लागणं, तहान लागून जाग येणं हे त्यातूनच होतं.

तिसरी गोष्ट खाण्यापिण्याची. दुपारी कोल्डड्रिंक, संध्याकाळी कॉफी, परतीच्या वाटेवर कडक चहा. कॅफिन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण ५ तास लागतात. रात्री साडेआठला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन दीड वाजताही अंगात असतं. त्यावर एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलमध्ये रात्री नऊ-साडेनऊला तेलकट खाणं झालं, तर आडवं पडल्यावर छातीत जळजळ ठरलेली. आपल्या शहरातल्या जैन कुटुंबांत चोविहार पाळणारे सूर्यास्ताआधी जेवण आटोपतात. त्यामागचं कारण धार्मिक आहे, पण सहलीच्या रात्री पोट हलकं असण्याचा फायदा त्यांना आपसूक मिळतो.

रोलर कोस्टरमुळे झोप उडते का?

हा समज सगळीकडे आहे, पण तो निम्माच खरा आहे. राइडमध्ये काळीज तोंडात येतं तेव्हा ॲड्रेनॅलिन वाढतं. मात्र रक्तातलं ॲड्रेनॅलिन काही मिनिटांतच ओसरतं. दुपारी बसलेल्या राइडचा परिणाम रात्रीच्या झोपेपर्यंत टिकत नाही. रात्री मुलं जागी असतात ती राइडच्या गप्पा, गोंगाट, उशिराचं जेवण आणि स्क्रीन यांमुळे.

राइडचा आणखी एक परिणाम मात्र फारसा कुणाला माहीत नसतो. सतत हलत राहिल्याने काही जणांना मळमळ न होता नुसती गुंगी येते. १९७६ मध्ये अमेरिकन संशोधक ॲश्टन ग्रेबिएल आणि जेम्स नेप्टन यांनी या अवस्थेचं वर्णन केलं. राइडमधून उतरल्यावर जांभया येणं, कशातच लक्ष न लागणं ही त्याची लक्षणं. ज्यांना बस लागते, त्यांच्यात हे जास्त दिसू शकतं. त्यात बस लागू नये म्हणून प्रोमेथाझिनसारखी गोळी घेतली असेल, तर त्या गोळीचीही झोप येते. ज्याला परतीला गाडी चालवायची आहे, त्याने अशी गोळी घेऊ नये.

मुक्काम केला तर पहिल्या रात्री झोप नीट का लागत नाही?

काही कुटुंबं धावपळ नको म्हणून पार्कजवळच्या हॉटेलात किंवा लोणावळ्याला मुक्काम करतात. खोली छान, गादी मऊ, एसी गार. तरीही सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटत नाही.

झोपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांना हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे. नव्या जागेतली पहिली रात्र नेहमीच कच्ची जाते, म्हणून संशोधक पहिल्या रात्रीच्या नोंदी अनेकदा धरतच नाहीत. याचं कारण शोधताना अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ मध्ये एक नवल दिसलं. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेत असताना मेंदूचा डावा भाग उजव्या भागाइतका गाढ झोपत नव्हता. अनोळखी आवाज आला तर हाच भाग आधी सावध होत होता. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक दिसेनासा झाला.

डॉल्फिन मासा मानला जातो, पण तो सस्तन प्राणी आहे, आणि तो मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवून झोपतो. माणसात तेवढं टोकाचं काही होत नाही, पण परक्या जागी मेंदू थोडा पहारा ठेवतो असं या अभ्यासातून दिसतं. म्हणून फक्त एकाच रात्रीचा मुक्काम असेल, तर ती रात्र 'आरामाची' धरू नका. घरची उशी किंवा चादर नेणं, मुलाचं रोजचं पांघरूण सोबत ठेवणं हे खुळ्यासारखं वाटलं तरी उपयोगी पडतं.

मुक्कामाच्या रात्री मद्य घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मद्यामुळे झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते. सकाळी जड डोक्याने उठायचं कारण तेच.

खरा धोका: परतीचा प्रवास

आतापर्यंतचं सगळं त्रासाचं होतं. हा मुद्दा जिवाचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक तुलना मांडली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष यांचा मेळ जितका बिघडतो, तितकाच तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाचा बिघडतो. २४ तास जागरणानंतर ही पातळी सुमारे ०.१० टक्क्यांइतकी होते. भारतात मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के मद्य ही मर्यादा आहे. त्याहून जास्त आढळलं तर गुन्हा दाखल होतो.

आता आपल्या वेळापत्रकाकडे परत बघा. गाडी चालवणारा पहाटे ४:३० ला उठला. त्याचे १७ तास भरतात रात्री ९:३० ला. नेमकी त्याच सुमारास गाडी एक्स्प्रेसवेवर किंवा पनवेलजवळ असते. पुढे ठाणे, मग घोडबंदर रस्ता, गायमुखचा घाट आणि सोबतीला अवजड वाहनं. त्याने दारूचा थेंबही घेतलेला नसतो, पण त्याचं लक्ष कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त प्यायलेल्या माणसासारखं झालेलं असू शकतं. शिवाय तो आदल्या रात्री साडेचारच तास झोपला आहे, दिवसभर उन्हात फिरला आहे आणि गाडीतले बाकी सगळे गाढ झोपले आहेत. त्याच्याशी बोलायलाही कुणी जागं नाही.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं हे उपाय फार तर काही मिनिटं टिकतात. डुलकी काही सेकंदांची असते आणि ती लागली हे चालवणाऱ्याला कळतही नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळे मिटले, तर ८० मीटरहून जास्त अंतर गाडी कुणीही न चालवता गेली.

बसने जाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तुम्ही पार्कमध्ये असताना बसचा चालक पार्किंगमध्ये तापलेल्या बसमध्ये जमेल तशी झोप काढत असतो. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना २०२५ पर्यंत लागू होता. त्यानुसार चालकाचं काम साधारणपणे दिवसाला ८ तास आणि विश्रांती धरून एकूण पसारा १२ तासांचा असावा असा नियम होता, काही परिस्थितींत सूट होती. आपली सहल पहाटे साडेपाच ते रात्री साडेअकरा अशी १८ तासांची असते. बस ठरवताना एसी आहे का, पुशबॅक सीट आहे का हे आपण विचारतो. चालक आदल्या रात्री कुठल्या फेरीवरून येणार आहे आणि सोबत दुसरा चालक आहे का, हेही विचारायला हवं.

लहान मुलं दमल्यावर जास्त का धिंगाणा घालतात?

मोठा माणूस झोप कमी झाली की मलूल होतो. लहान मूल बरेचदा उलट वागतं. ते किरकिर करतं, हट्टाला पेटतं, उगाच पळापळ करतं. पालकांना वाटतं, अजून दमलं नाही. खरं तर ते जास्तच दमलेलं असतं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला ११ ते १४ तास. पार्कमध्ये दुपारची झोप हुकते. मग संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मूल सात वाजता झोपतं, रात्री साडेअकराला सोसायटीच्या गेटवर उठवलं जातं आणि घरात शिरल्यावर टक्क जागं होतं. सात ते साडेअकरा या झोपेने त्याचा झोपेचा दाब बराच उतरलेला असतो. दोष मुलाचा नाही, वेळेचा आहे.

मुलांच्या झोपेचा प्रश्न महाराष्ट्र सरकारनेही मान्य केला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. एरवी शाळेसाठी जो विचार होतो, तोच सहलीच्या दुसऱ्या दिवशीही व्हायला हवा.

बुडालेली झोप भरून निघते का?

हो, पण तासाला तास अशी नाही. अमेरिकेतला रँडी गार्डनर हा शाळकरी मुलगा डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ या काळात सलग सुमारे २६४ तास जागा राहिला होता. त्यानंतर पहिल्यांदा झोपला तो १४ तासांच्या आसपास, ११ दिवसांचे तास काही त्याने मोजून परत घेतले नाहीत. झोप बुडाली की मेंदू पुढच्या रात्री गाढ झोपेचा भाग आधी भरून काढतो. म्हणूनच चार तासांची तूट भरायला चार तास उशिरा उठायची गरज नसते. दोन-तीन रात्री तासभर लवकर झोपलं तरी बरंच भागतं.

उलट सुट्टीच्या दिवशी अकरापर्यंत झोपून राहिलं, की रात्री झोप लांबते आणि पुढचा दिवस पुन्हा जड जातो. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांतल्या झोपेच्या वेळांच्या या तफावतीला जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. विमानात न बसता झालेला जेटलॅग.

परदेशातल्या पार्कला जाणार असाल तर

सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज किंवा हाँगकाँगचं डिस्नेलँड इथे मराठी कुटुंबं आता बऱ्यापैकी जातात. दोन्ही ठिकाणचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले रात्रीचे दहा म्हणजे भाईंदरचे साडेसात. मुलाला तेव्हा झोप येणार नाही. आणि तिथे सकाळी सातला उठवलं, तर त्याच्या शरीरासाठी ते पहाटेचे साडेचार असतात.

पॅरिसच्या डिस्नेलँडला उन्हाळ्यात उलट घडतं. तिथलं घड्याळ तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे असतं. रात्रीच्या शोच्या वेळी मुलं पेंगतात आणि पहाटे चारला खेळायला तयार होतात. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या वेगाने जुळवून घेतं आणि बहुतेकांना पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेपेक्षा जड जातो. म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट काढू नका. पूर्वेला जाताना आधीचे तीन-चार दिवस मुलांना रोज अर्धा तास लवकर झोपवा आणि लवकर उठवा.

मग सहल कशी आखायची?

* सहल शक्यतो शनिवारी ठेवा. रविवार झोप भरून काढायला मिळतो. रविवारीच जायचं असेल, तर सोमवारी निदान लहान मुलांना उशिरा उठू द्या.
* पिशव्या शुक्रवारीच भरा. आदल्या रात्रीचा तास-दीड तास वाचतो, आणि तोच सर्वात स्वस्तात मिळणारा तास असतो.
* आदल्या रात्री एकदम तीन तास लवकर झोपायचा प्रयत्न करू नका. तीन-चार दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं झोप अलीकडे आणा.
* दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सावलीत किंवा एसी असलेल्या जागेत थांबा. लहान मुलांना तिथेच झोपू द्या. संध्याकाळी सहानंतरची लांब झोप टाळता आली तर टाळा.
* चहा, कॉफी, कोल्डड्रिंक दुपारनंतर बंद. दिवसभर पाणी, ताक, लिंबू सरबत चालेल.
* पार्कमधून निघण्याआधी, सातच्या सुमारास हलकं जेवून घ्या.
* गाडी चालवणाऱ्याने निघण्याआधी १५-२० मिनिटांची डुलकी काढावी आणि उठल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा. चालकासाठी कॉफीचा अपवाद करा. कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून ती डुलकीच्या आधी घेतली तरी चालते. त्या रात्री त्याची झोप थोडी उशिरा लागेल, पण सगळे सुखरूप घरी पोहोचतील.
* पुढच्या सीटवरच्या माणसाने झोपायचं नाही, हा नियम करा. डोळे जड झाले तर एक्स्प्रेसवेच्या कडेला गाडी लावू नका. फूड मॉल किंवा पेट्रोल पंपावर थांबा.
* घरी आल्यावर लगेच अंथरुणात शिरण्यापेक्षा कोमट पाण्याने अंघोळ करा. हातापायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर झोपेसाठी थंड होतं. फोटो दुसऱ्या दिवशी टाका.

सहलीनंतर दोन-तीन दिवसांत झोप रुळावर यायला हवी. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न लागण्याचा त्रास तीन महिने चालू असेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकल्यासारखं होणं घरच्यांच्या लक्षात आलं असेल, तर ते सहलीमुळे झालेलं नाही. त्यासाठी डॉक्टरांना दाखवा.